सीमाभागातली पोक्सो केस: मुलाच्या बाजूनं लढताना आधी काय बघायचं?

खानापूर_पीएलव्ही

नमस्कार मंडळी. पॅरालीगल व्हॉलंटियरच्या (कायद्याची प्राथमिक मदत करणारा स्वयंसेवक, म्हणजे पीएलव्ही) प्रशिक्षणात मुलीच्या पालकांना काय सांगायचं ते नीट शिकवतात. आरोपीच्या घरचे दारात येऊन उभे राहिले की मात्र काय सांगावं ते कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) केसबद्दल जाणकारांना विचारतोय.

आपल्याकडं वारंवार दिसणारा नमुना असा. मुलगा १९ ते २१ वर्षांचा, मुलगी शाळेच्या दाखल्यावर सतरा. दोघं घरातून निघून जातात आणि कोल्हापूर-गडहिंग्लजकडं पाहुण्यांत सापडतात. मुलीच्या वडिलांची फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि मुलगा हिंडलग्याच्या जेलमध्ये जातो. घरचे एकच वाक्य धरून बसतात, "साहेब, पोरगी आपल्या मर्जीनं आली होती."

प्रश्न चार आहेत. मर्जीचा मुद्दा कोर्टात कितपत चालतो? वयाचा कोणता कागद खरा धरतात, त्यातून मुलीचा जन्म आजोळी चंदगड तालुक्यात झाला असेल तर? जामीन कुठं आणि कधी मागायचा? आणि घरच्यांना कन्नड वाचता येत नसेल तर काय करायचं?

---

कॅम्पातला_वकील

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात 'बालक' म्हणजे अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तेच वय आहे. "मर्जीनं आली" हे वाक्य बचाव म्हणून लिहून दिलं की संबंध झाल्याचं तुम्ही स्वतःच कबूल करता, आणि मग सरकारी पक्षाला फक्त वय सिद्ध करायचं उरतं. घाईत असा जामीन अर्ज केलेला असेल तर तो पुढं आरोपीच्याच गळ्यात येतो.

शिक्षेचे आकडेही सांगून ठेवा, कारण "दोन-तीन वर्षांत सुटेल" असा गैरसमज गावोगाव आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोच्या कलम ४ खाली (संबंध झाल्याचा आरोप) कमीत कमी १० वर्षं, आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर कमीत कमी २०. कलम ६ (गंभीर प्रकार) लागलं तरी कमीत कमी २०. हे कलम ६ फक्त निर्घृण प्रकारांना लागतं असं लोक समजतात, पण तसं नाही. कलम ५ च्या यादीत 'एकापेक्षा जास्त वेळा' आणि 'त्यातून गर्भ राहिला' हे दोन्ही प्रकार आहेत. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी, प्रेमप्रकरण, गर्भ राहिलेला, अशा केसमध्ये दहा नव्हे, वीस वर्षांपासून सुरुवात होते. किमान शिक्षेच्या खाली उतरायची मुभा कोर्टाला नाही. दोषी ठरल्यावर "गरीब आहे, तरुण आहे" म्हणून काही मिळत नाही. लढायचं ते दोषी ठरण्याआधी.

म्हणून सगळा भार वयावर येतो. वय ठरवताना बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ९४ वापरतात, आणि ते बळी मुलीच्या वयालाही लागू होतं हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या जर्नेल सिंग निकालापासून पक्कं आहे. क्रम असा: आधी शाळेनं दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. वरचा कागद असताना खालच्याकडं उडी मारता येत नाही.

पोलिस बहुतेक वेळा काय जोडतात? टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), नाहीतर मुख्याध्यापकांनी साध्या लेटरहेडवर लिहून दिलेला जन्मतारखेचा तपशील. इथं पी. युवाप्रकाश हा जुलै २०२३ चा निकाल वाचा. टीसी आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा हे कलम ९४ मध्ये सांगितलेले कागद नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं आणि आरोपी सुटला. मुलीनं एसएसएलसी (कर्नाटकाची दहावी) दिलेली असेल तर मात्र हा मुद्दा संपला, मार्क्स कार्डावरची तारीख मोडणं फार कठीण. आठवी-नववीत शाळा सोडलेली असेल तेव्हाच या वादात जीव आहे.

त्या वेळी टीसीवर थांबू नका, पहिलीच्या प्रवेशाच्या रजिस्टरपर्यंत जा. नंतरच्या सगळ्या शाळांनी तीच तारीख उतरवून घेतलेली असते, त्यामुळं चार दाखल्यांवर एकच तारीख दिसली तरी तो पुरावा चौपट होत नाही. पहिलीच्या रजिस्टरात तारीख कोणी सांगितली, कशावरून लिहिली, सोबत जन्मदाखला होता का, हे मुख्याध्यापक साक्षीला आले की विचारायचं. नोंद कोणत्या माहितीवर झाली हे सांगणारा माणूस नसेल तर तिला वजन नाही, हे बिराद मल सिंघवी या १९८८ च्या निकालापासून चालत आलंय.

रजिस्टरचं ते पान समोर आलं की एकट्या मुलीची ओळ बघू नका, पूर्ण पान बघा. १ जून, १ जून, १ जून अशी रांग दिसते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल सहाचं दिसायला हवं, म्हणून गुरुजींनी घातलेल्या तारखा त्या. मग भावंडांच्या तारखा काढा. थोरल्या भावाची नोव्हेंबरची आणि हिची पुढच्याच १ जूनची, म्हणजे मध्ये सातच महिने! अशी तफावत सापडली तर दोघांपैकी एक तारीख अंदाजे घातलेली आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. उलटतपासणीत यापेक्षा साधा आणि भक्कम मुद्दा क्वचितच मिळतो.

एक धोका मात्र आधी ओळखा. ही तपासणी दोन्हीकडून कापते. खरा जन्मदाखला शोधताना मुलगी सतरा नव्हे, साडेपंधराची निघाली तर दहाची केस वीसवर जाते. म्हणून कोर्टाकडून कागद मागवायचा अर्ज करण्याआधी तो कागद काय बोलतो याचा अंदाज घ्या.

---

खानापूर_पीएलव्ही

साहेब, फार उपयोगाचं. आधार कार्डावर मुलगी १८ दाखवत असेल तर? मुलाकडचे तेच घेऊन येतात. आणि आजोळच्या जन्माचं कसं करायचं?

---

कॅम्पातला_वकील

आधारावर भिस्त ठेवू नका. आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या दाव्यात म्हटलंय. "आधार बघून आम्हाला अठरा वाटली" हाही एकटा बचाव म्हणून टिकत नाही. पोक्सोच्या कलम ३० मध्ये आरोपीचं मन दोषी होतं, म्हणजे त्याला हेतू किंवा जाणीव होती, असंच धरून चालतात, आणि ते खोडायची जबाबदारी आरोपीवर, तीही संशयापलीकडं.

आजोळचं म्हणाल तर सीमाभागात हे नेहमीचंच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म चंदगड, आजरा किंवा गडहिंग्लज तालुक्यात आणि शाळा खानापूर-बेळगावात. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. ती कर्नाटकाच्या संगणकात सापडणार नाही, आजोळच्या गावच्या ग्रामपंचायतीत बघावी लागेल. बेळगाव शहरातल्या दवाखान्यात जन्म असेल तर महापालिकेत. नोंदीत बऱ्याचदा मुलीचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि आई-वडिलांची नावं. त्यामुळं आईचं माहेरचं नाव, गाव आणि ती कितवी खेप हे माहीत हवं, नाहीतर तिच्याच बहिणीची नोंद उचलून आणाल.

दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. दुसरी आधी बघा. २१ दिवसांच्या आत झालेल्या नोंदीला वजन. वर्ष उलटून गेल्यावरची नोंद अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यामुळं तो आदेश आणि त्याला जोडलेले कागद मागवा. आणि गुन्हा दाखल झाल्यावर केलेली नवी नोंद, मग ती कोणत्याही बाजूची असो, कोर्ट संशयानंच बघतं. मुलाचे नातेवाईक "ग्रामपंचायतीत ओळख आहे, दाखला करून आणतो" म्हणाले तर त्यांना तिथंच थांबवा. बनावट दाखल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो आणि मूळ केसही बुडते.

---

धारवाड_फेऱ्या

जामिनाचं मी लिहितो, पण त्याआधी मुलाचं स्वतःचं वय बघा. याकडं आश्चर्य वाटावं इतकं दुर्लक्ष होतं. घटनेच्या तारखेला तोही अठराच्या आत असेल तर तो जेलमध्ये असताच कामा नये, प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं. तिथं कलम १२ खाली जामीन हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. सोळा ते अठरामधला असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याला मोठ्या माणसासारखं चालवायचं का ते ठरवतं. अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकालानंतरही. गुरुजींची १ जून त्याच्याही दाखल्यावर असू शकते.

आता क्रमानं. अटक झाल्यापासून २४ तासांत न्यायाधीशापुढं उभं करायला हवं. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर राजेश शाह निकालात हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडला उभं करायच्या दोन तास आधी. आपल्याकडं हे सोन्याच्या मोलाचं आहे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या पोराच्या हातात कन्नड कागद दिला आणि खाली सही घेतली, तर वकिलानं पहिल्याच रिमांडला हा मुद्दा तोंडी न ठेवता लेखी मांडावा. अटक बेकायदा ठरू शकते. पण त्यानं केस संपत नाही, पोलिस रीतसर कारणं देऊन पुन्हा ताब्यात घेऊ शकतात. तेव्हा घरच्यांना पेढे वाटू देऊ नका.

पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, तरी कोऱ्या कागदावर सही करायची नाही. वैद्यकीय तपासणीला मात्र नकार देता येत नाही.

अटकपूर्व जामीन: मुलगी सोळाच्या आतली असल्याचा आरोप आणि न्याय संहितेचं कलम ६५ लावलेलं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४८२ मधली ही वाटच बंद आहे. सोळा ते अठरामध्ये मागता येतो. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला असेल तर कलम १८ मुळं पुन्हा अडतं, आणि नियमित जामीन नाकारला तर उच्च न्यायालयात कलम १४-अ खाली अपील करावं लागतं, साधा अर्ज चालत नाही. चुकीच्या कलमाखाली अर्ज करून महिना वाया जाताना दिसतो, म्हणून सांगतोय.

नियमित जामीन आधी बेळगावच्या विशेष पोक्सो न्यायालयात, तिथं नाकारला तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. मुलीच्या बाजूला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. ती न देता मिळालेला जामीन पुढं रद्द होऊ शकतो, तेव्हा नोटीस बजावली गेली की नाही हे आरोपीच्याच वकिलानं जातीनं बघावं. अर्जात 'संमती' हा शब्द न वापरता दोघांच्या वयातलं अंतर, धाक-मारहाणीचा आरोप नसणं, तपास पूर्ण झालेला असणं, मुलाचा ठावठिकाणा पक्का असणं, हे मांडावं. मुलगी तेरा-चौदाची असेल तर प्रेमप्रकरणाचा मुद्दा जामिनालाही उपयोगाचा नाही. २०२२ मध्ये झारखंडच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमक्या याच कारणानं दिलेला जामीन रद्द केला होता.

दिवस मोजा. कलम ४ किंवा ६ असेल तर आरोपपत्राला ९० दिवस, नुसतं कलम ८ (संबंधाशिवायचा लैंगिक हल्ला) असेल तर ६०. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचे. मुदत संपली आणि आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो. एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज नाही आणि दुपारी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला. कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवा. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायचा राहिलाय म्हणून आरोपपत्र अपुरं, हा युक्तिवाद सहसा चालत नाही.

जामीनदाराबद्दल: कोर्ट बहुतेक वेळा इथलाच आरटीसी (कर्नाटकाचा जमिनीचा) उतारा मागतं आणि पाहुणे सगळे चंदगडचे, त्यांच्याकडं महाराष्ट्राचा सात-बारा. परगावचा जामीनदार केवळ परगावचा म्हणून नाकारता येत नाही, असं १९७८ च्या मोतीराम निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. निकालाची प्रत जोडा, सात-बाऱ्यासोबत तहसीलदाराचा मूल्यांकन दाखला आणा आणि मराठी कागदांचं भाषांतर द्या. प्रत्यक्षात इथला एक उतारा मिळाला तर काम एका दिवसात होतं, हेही खरं.

---

टिळकवाडी_दुभाषी

कन्नडचा प्रश्न नुसता घरच्यांच्या सोयीचा नाही, तो पुराव्याचा आहे. मुलगी बोलते मराठीत आणि जबाब उतरतो कन्नडमध्ये. पोक्सोच्या कलम २६ मध्ये दुभाष्या घ्यायची तरतूद आहे, कलम ३८ खाली कोर्टातही. म्हणून जबाब वाचताना बघायचं की दुभाष्या होता का, त्याचं नाव आणि सही आहे का, आणि जबाब मुलीला मराठीत वाचून दाखवला असं लिहिलंय का.

एक क्रियापद किती फरक करतं ते बघा. मुलगी म्हणते, "मी त्याच्यासंगट गेले." कन्नडमध्ये उतरतं 'करकोंडु होद', म्हणजे 'तो घेऊन गेला'. पोक्सोच्या आरोपाला यानं फरक पडणार नाही, पण अशा केसमध्ये न्याय संहितेचं कलम १३७, म्हणजे पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याचं, आणि बहुधा ८७ सुद्धा लावलेलं असतं. तिथं 'नेणं' आणि 'सोबत जाऊ देणं' वेगळं, हे एस. वरदराजन या १९६४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. सगळं समजणारी मुलगी आपणहून घर सोडून आली आणि त्यानं फूस लावलेली नसेल, तर अपहरणाचा आरोप गळू शकतो. तो आरोप त्या एका क्रियापदावर उभा असतो. कन्नड आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसाकडून पूर्ण आरोपपत्राचं भाषांतर करून घ्या. 'सारांश सांगतो' म्हणणाऱ्याकडून नको.

आरोपपत्राच्या प्रती आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून १४ दिवसांत फुकट मिळायला हव्यात. मुलीनं मॅजिस्ट्रेटपुढं दिलेला जबाब आरोपपत्र येईपर्यंत आरोपीला मिळत नाही. नोनविनकेरे पोलिस विरुद्ध शिवण्णा या आपल्याच राज्यातल्या २०१४ च्या निकालानं ते ठरलंय. "कारकुनाला सांगून काढतो" म्हणणारा दलाल भेटला तर पैसे देऊ नका. एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर शोधू नका, असल्या गुन्ह्यांची तिथं टाकत नाहीत. कोर्टातून नक्कल काढा.

साक्षी चालू असताना आरोपीला समजणाऱ्या भाषेत पुरावा समजावून सांगायची तरतूद कायद्यातच आहे. ती मागावी लागते. पोरगा पिंजऱ्यात गप्प उभा असतो आणि नंतर म्हणतो, "काय चाललं होतं मला कळलंच नाही." हे मनाला लागतं, कारण थांबवता येण्यासारखं होतं.

---

समुपदेशक_निपाणी

सगळं वाचलं. मुलीच्या बाजूनं काम करणाऱ्यांपैकी एकीचं म्हणणं इथं असायला हवं, म्हणून लिहिते. आरोपीला चांगला वकील मिळावा याला माझा विरोध नाही. उलट कच्च्या बचावामुळंच मुलीला जास्त त्रास होतो.

मुलाच्या घरच्यांनी मुलीला किंवा तिच्या आईला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, मामाला मध्ये घालायचं नाही. जबाब बदलायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि जामीन रद्द व्हायचं सर्वांत मोठं कारणही तेच. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचं नाव, फोटो, अगदी शाळेचं नावसुद्धा टाकायचं नाही. पोक्सोचं कलम २३ आणि न्याय संहितेचं ७२ दोन्ही लागतात, पाठवणाऱ्या मावसभावालाही.

मोबाइलमधलं काही पुसू नका. चॅटमध्ये मुलाच्या बाजूचं काही असेल तर मूळ फोन सांभाळून ठेवा, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटला अर्थ नाही. फोनमध्ये मुलीचे खाजगी फोटो असतील तर ते कुणालाही पुढं पाठवायचे नाहीत, घरातल्या माणसाला नाही आणि वकिलालाही नाही. फोन जसाच्या तसा राहू द्या, काय करायचं ते वकील कोर्टापुढं ठरवतील.

"लग्न लावून देतो, मग केस मिटेल" हे सर्रास ऐकू येतं. मिटत नाही. कर्नाटकानं बालविवाह कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळं इथं असा विवाह मुळातच रद्दबातल आहे. चंदगडला नेऊन लावला म्हणून पोक्सो टळत नाही. अल्पवयीन पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, हे ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. वर लग्न लावणारे आई-बाप आणि भटजीही आरोपी होतात.

उलटतपासणीबद्दल वकीलसाहेब लिहितीलच, पण एक सांगते. मुलीच्या पूर्वीच्या वागण्याबद्दल विचारलेले प्रश्न कायद्यानं चालत नाहीत, आणि ते विचारणाऱ्या वकिलाबद्दल कोर्टाचं मतही बिघडतं. नुकसान आरोपीचंच.

---

कॅम्पातला_वकील

ताईंशी पूर्ण सहमत. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे आरोपीच्या वकिलाला मुलीला थेट प्रश्न विचारायचा अधिकारच नाही. प्रश्न न्यायाधीशांकडं द्यायचे, ते विचारतात. म्हणून प्रश्न आधी लिहून काढावे लागतात, छोटे, एका प्रश्नात एकच गोष्ट. मुलीला पुन्हा पुन्हा बोलावता येत नाही, त्यामुळं "नंतर रिकॉल करू" या भरवशावर राहिलात तर फसाल. वय, तारखा, कोण कुठं होतं, जबाब कोणत्या भाषेत झाला, एवढ्यावर प्रश्न ठेवले तरी पुरतात.

तारखांवर विशेष लक्ष द्या. आरोपपत्रात 'गेल्या दोन वर्षांपासून' असं मोघम असतं. मुलगी फिर्यादीच्या दिवशी १७ वर्षं ११ महिन्यांची असेल तर दोन वर्षं मागं गेलं की ती सोळाच्या आत जाते. एकेका घटनेची तारीख आणि त्या दिवशीचं वय असा तक्ता करा. अर्धी केस त्या तक्त्यात दिसते.

कलम २९ मध्ये आरोपी दोषीच असं गृहीत धरतात, पण ते आपोआप लागत नाही. मूळ तथ्यं, म्हणजे मुलीचं वय आणि घटना, सरकारी पक्षाला आधी उभी करावी लागतात. म्हणून वर वयावर इतकं लिहिलं.

हाडांच्या तपासणीबद्दल कुणीतरी विचारणारच. मनगट, कोपर, कमरेचं हाड आणि गळ्याजवळचं हाड यांचे एक्स-रे, सोबत दात. त्यातून नेमकं वय निघत नाही, दोन वर्षं इकडंतिकडं धरतात. अहवाल 'सतरा ते अठरा' आला तर दिल्ली उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये वरची बाजू आणि त्यावर दोन वर्षांची सूट धरायला सांगितलंय. ते इथं बंधनकारक नाही, पण दाखवता येतं. तपासणी घटनेनंतर आठ महिन्यांनी झाली असेल तर तेवढे महिने वजा करायला विसरू नका, सरकारी वकील विसरत नाहीत.

---

खानापूर_पीएलव्ही

शेवटचं विचारतो. दोघांनी नंतर संसार मांडला, मुलगी आता एकोणीसची, मूलही आहे, आणि तीच म्हणते केस नको. धारवाडला रद्द होते का?

---

धारवाड_फेऱ्या

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करता येतो, आणि अशा परिस्थितीत कर्नाटक उच्च न्यायालयानं केसेस रद्द केल्याचे निकाल आहेत. खात्री मात्र कुणालाही देऊ नका. ७ नोव्हेंबर २०२४ ला रामजी लाल बैरवा निकालात सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या तडजोडीवर पोक्सो रद्द करणं चुकीचं ठरवलं. ती केस शिक्षकाविरुद्धची होती, त्यामुळं तुमची तथ्यं वेगळी कशी हे मांडावं लागतं. दुसरीकडं पश्चिम बंगालच्या एका केसमध्ये, घटनेच्या वेळी मुलगी चौदाची असूनही, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून शिक्षा दिली नाही. पण ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ चे, फक्त सर्वोच्च न्यायालयाला असलेले खास अधिकार वापरून. ते बेळगावच्या किंवा धारवाडच्या कोर्टाकडं नाहीत.

कायदाच बदलेल म्हणून थांबू नका. सोळा-सतराच्या मुलींच्या संमतीचा विचार व्हावा हा प्रश्न विधी आयोगाकडं नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या धारवाड खंडपीठामार्फतच गेला होता. आयोगानं सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नये असंच सांगितलं, फक्त सोळा ते अठरामधल्या केसेसमध्ये शिक्षा ठरवताना कोर्टाला मोकळीक द्यावी असं सुचवलं.

अर्जाला मुलीचं स्वतःचं शपथपत्र लागतं. ते मराठीत, तिच्या शब्दांत, आणि तिचा वेगळा वकील. दोघांचा एकच वकील असेल तर कोर्टाला दबावाचा वास येतो. तिचा अठरा पूर्ण झाल्याचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि एकत्र राहत असल्याचे कागद जोडा. तिला न्यायमूर्तींपुढं स्वतः उभं राहावं लागेल याची तयारी ठेवा. खर्च झेपत नसेल तर तिला, स्त्री म्हणून, उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. मुलगा आत असेल तर कोठडीतला म्हणून त्यालाही. फोन १५१००.

गुन्हा चंदगड पोलिसांत दाखल असेल तर मात्र धारवाडला जाऊ नका. ती केस महाराष्ट्राची, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयातली कामं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहेत.